न्युमोनिया : तापापेक्षा श्वास मोजा

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची ओपीडी, बाहेर बाकावर पंधरा-वीस पेशंट. एका मुलाने ७१ वर्षांच्या आईला रिक्षातून आणलं. "दोन दिवस जेवत नाहीये डॉक्टर. आणि काल रात्री मामांना हाका मारत होती. मामा वारून दहा वर्षं झाली."

मी ताप बघितला, नव्हता. खोकला? "थोडा." बीपी १००/६०. शुगर लगेच तपासली, ठीक होती. छातीला स्टेथोस्कोप लावून "आजी, मोठा श्वास घ्या" म्हटलं, तर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, लघवीचं इन्फेक्शन असेल नाहीतर सोडियम कमी झालं असेल. म्हातारपणी दोन्ही नेहमीचंच. "सकाळी रक्त तपासू" म्हणून घरी पाठवलं.

सकाळी सहाला फोन आला. हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा आजींना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा अर्धा भाग पांढरा. न्युमोनिया. आयसीयू, व्हेंटिलेटर, आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. मुलगा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "काल तुम्ही बघितलं होतंत ना?"

रात्रीच ॲडमिट केलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मला आजही सांगता येत नाही. पण माझ्याच केसपेपरवर काय लिहिलेलं होतं, ते सांगतो.

न्युमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला आम्ही 'कर्ब-६५' नावाची सोपी मोजपट्टी वापरतो. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि मी ती वाचलेलीही होती. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला एक गुण : पेशंट गोंधळलेला आहे का, रक्तातलं युरिया ४२ च्या वर आहे का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहेत का, बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी आहे का, आणि वय ६५ किंवा अधिक आहे का. शून्य किंवा एक गुण असेल तर बहुतेकदा घरी उपचार चालतात. दोन असतील तर ॲडमिट करण्याचा विचार करायचा. तीन किंवा जास्त म्हणजे गंभीर.

आजींचं बरळणं एक, वय एक, बीपीचा खालचा ६० एक. तीन गुण माझ्याच अक्षरात कागदावर होते. मला न्युमोनिया सुचलाच नाही, कारण ताप नव्हता. आणि सुचवू शकला असता असा आकडा, श्वासांचा, मी मोजलाच नव्हता.

म्हातारपणी शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे मोठं इन्फेक्शन असूनही ताप येईलच असं नाही. खोकलाही जेमतेम असतो. घरचे सांगतात ते असं : जेवण सोडलं, अंथरुणातून उठत नाहीत, बाथरूमकडे जाताना पडल्या, काहीतरीच बोलतात. याला 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. दोन दिवसांपूर्वी बरं असलेलं माणूस वयामुळे अचानक बरळायला लागत नाही.

श्वास मात्र सहसा खोटं बोलत नाही. आपल्या फुफ्फुसात साधारण तीस कोटी वायुकोश असतात. न्युमोनियात त्यांतल्या एका भागात हवेऐवजी पू आणि सूज साचते. (बरेच जण याला 'छातीत पाणी झालं' म्हणतात. ते वेगळं. ते पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात साचतं आणि सुईने काढता येतं. न्युमोनिया सुईने काढता येत नाही.) तिथून ऑक्सिजन रक्तात जात नाही, म्हणून उरलेल्या भागाला जास्त काम करावं लागतं आणि श्वास वाढतो.

मोजायचा कसा? माणूस शांत बसलेलं किंवा पडलेलं असताना पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतोय हे सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. आम्ही डॉक्टर मनगट धरून नाडी बघतोय असं भासवतो आणि श्वास मोजतो. मोठ्या माणसाचे विश्रांतीत १२ ते २० असतात. २५ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ३० म्हणजे थेट हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडलेला असेल, त्याचे सेल बदला. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर तो चुकतो. पण फुफ्फुसाचा जुना आजार नसलेल्या माणसात ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला तर वाट बघू नका.

"घरीच सलाईन लावा ना डॉक्टर" ही विनंती मला आठवड्यातून एकदा तरी होते. खर्चाची भीती मला कळते. पण सलाईनमध्ये ऑक्सिजन नसतो. गंभीर न्युमोनियात ऑक्सिजन लागतो, शिरेतून बहुधा दोन प्रकारची अँटिबायोटिक्स लागतात, आणि बीपी, लघवी, किडनी यांवर तासातासाला नजर लागते. वेळेचं महत्त्व किती? १९६४ साली ऑस्ट्रियन आणि गोल्ड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की रक्तात पसरलेल्या न्युमोनियात पहिल्या पाच दिवसांत होणारे मृत्यू पेनिसिलिनही फारसे टाळू शकलं नाही. औषध जंतू मारतं, झालेलं नुकसान लगेच भरून काढत नाही. म्हणून लवकर या.

व्हेंटिलेटर म्हटलं की नातेवाईकांचे चेहरे पडतात. थकलेल्या स्नायूंना उसंत देऊन औषधाला वेळ मिळवून देण्याचं ते यंत्र आहे. त्यावरून परत येणारे पुष्कळ असतात, न येणारेही असतात, आणि आधी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर न्युमोनियाच्या पेशंटना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मृत्यू कमी झाले. पण त्यात फ्लूचा न्युमोनिया असलेले पेशंट घेतले नव्हते. मेडिकलमधून स्टेरॉइडची गोळी आणून घेण्याशी याचा काहीही संबंध नाही.

आणखी एक, खास आपल्या देशासाठी. मेडिकलवाल्याला विचारून लिव्होफ्लॉक्सासिन सुरू करू नका. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. आठवडाभर बरं वाटतं, निदान मात्र महिनाभर लांबतं.

घरी आल्यावर कित्येक आठवडे थकवा राहू शकतो, तो राहू द्या. एक्स-रे लगेच स्वच्छ होत नाही, आठवड्याभरात परत काढून घाबरू नका. सहा आठवड्यांनी मात्र नक्की काढा, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर. डाग तिथेच असेल, तर त्यामागे टीबी किंवा गाठ नाही ना, हे बघावं लागतं. येताना जुना एक्स-रे बरोबर आणा. तो नसला की आम्हालाही अंदाजच करावा लागतो.