मोन्शाऊचा मोडलेला जिल्हा

जर्मनीच्या पश्चिम सीमेवर रुर नदीच्या अरुंद खोऱ्यांत मोन्शाऊ हें गांव वसलें आहे. १८१६ सालीं प्रशियानें येथें एका लहानशा ग्रामीण जिल्ह्याचें ठाणें केलें. गांवाचें नांव तेव्हां फ्रेंच वळणाचें, मोंज्वा असें होतें. तें ऐन महायुद्धांत, १९१८ त, बदलून जर्मन करण्यांत आलें.

पण नांव बदलून सीमा थोडीच राखली जाते! १९१९ च्या व्हर्सायच्या तहान्वयें शेजारचे ऑयपेन व माल्मेदी हे मुलूख बेल्जमकडे गेले. त्यांना जोडणारी आगगाडी मोन्शाऊ जिल्ह्यांतून धांवत असे. म्हणून तिचा मार्ग, रुळांखालच्या जमिनीसकट, बेल्जमला देण्यांत आला. मार्गापलीकडचे जर्मन भूभाग अर्थातच स्वदेशापासून तुटले. असे पांच तुकडे अद्यापि आहेत. पैकीं एक तर केवळ एक घर व त्याची बाग एवढाच!

१९७२ च्या प्रारंभीं हा जिल्हा मोडून आखेन जिल्ह्यांत घातला गेला. गाडीहि बंद पडली व तिच्या जागीं सायकलींचा रस्ता झाला. जमीन मात्र बेल्जमचीच राहिली. म्युट्सेनिख या तुटलेल्या गांवाहून मोन्शाऊकडे येतांना आम्ही ती ओलांडली. चौकी नाहीं, पहारेकरी नाहीं. दहावीस पावलांत आम्ही जर्मनींतून बेल्जमांत शिरून पुन्हां जर्मनींत आलों.