फ्रान्चेस्को : पित्यानें ठेविलेलें नांव

दररोज सकाळीं हजेरी घेतांना आम्ही जीं नांवें पुकारतों, त्यांपैकीं किती नांवांचा अर्थ आम्हांस ठाऊक असतो ? गेल्या वर्षीं 'फ्रान्सिस' असें पुकारतांच एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, माझ्या नांवाचा अर्थ काय ?" आम्ही निरुत्तर झालों, आणि ती लाज झांकण्याकरितां "खालीं बैस" म्हणून त्यासच दरडावलें. वर्ग हंसला, तो मुलगा मात्र हंसला नाहीं. त्याच्या प्रश्नाचें उत्तर, उशिरानें कां होईना, येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'फ्रान्सिस' आणि इटलींतील 'फ्रान्चेस्को' हीं एकाच नांवाचीं दोन रूपें होत. अर्थ 'फ्रेंच', म्हणजे फ्रान्स देशचा. फ्रँक हें मूळ एका जर्मानिक जमातीचें नांव. ती जमात गॉल देशांत सत्ताधीश झाल्यावर त्या शब्दास 'स्वतंत्र' असाही अर्थ चिकटला. मग परदेश सुचविणारें हें नांव इटलीच्या घराघरांत कसें शिरलें ?

इटलीच्या उंब्रिया प्रांतांत असिसी नांवाचें डोंगरउतारावर वसलेलें शहर आहे. इसवी सन ११८१ किंवा ११८२ मध्यें तेथील कापडाचे व्यापारी पिएत्रो दि बेर्नार्दोने व्यापारानिमित्त फ्रान्सकडे गेले असतां त्यांस पुत्र झाला. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचें नांव 'जोव्हान्नी' असें ठेविलें. परंतु पिएत्रो घरीं परतले आणि मुलास 'फ्रान्चेस्को' म्हणूं लागले, असें जुने चरित्रकार सांगतात. त्या काळीं हें नांव इटलींत अगदीं विरळ होतें.

पुढें बापलेकांचें बिनसलें. एका पडक्या देवळाच्या दुरुस्तीसाठीं मुलानें पित्याच्या दुकानांतील कापड विकलें. १२०६ सालीं वाद बिशपांपुढें गेला. फ्रान्चेस्कोनें पैसे परत केलेच. शिवाय अंगावरचीं वस्त्रेंही उतरवून पित्यापुढें ठेविलीं, आणि यापुढें स्वर्गांतील पिता तोच आपला पिता, असें सांगितलें. असिसीच्या मोठ्या मंदिरांत हा प्रसंग भिंतीवर रंगविलेला आहे. त्यांत संतापलेला पिता मुलाचीं वस्त्रें हातावर घेऊन उभा आहे, आणि एक मनुष्य त्याचा दंड धरून त्यास मागें ओढीत आहे.

येथें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. फ्रान्चेस्कोनें पैसे परत केले, वस्त्रें परत केलीं. पण नांव परत केलें नाहीं. बाप्तिस्म्याचें नांव हाताशीं असतांही, तो जन्मभर पित्यानें ठेविलेल्या नांवानेंच वावरला. १२२६ मध्यें तो निवर्तला. दोनच वर्षांनीं त्यास संतपद मिळालें, आणि तें नांव जगभर पसरलें. कवि पेत्रार्का आणि रोमचा शिल्पज्ञ बोर्रोमिनी हे दोघेही फ्रान्चेस्कोच. स्पेन-पोर्तुगालांत त्याचें फ्रान्सिस्को झालें. १५४२ सालीं गोव्यास आलेले संत झेवियर याच नांवाचे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरास असिसीच्याच संताचें नांव आहे. २०१३ मध्यें हें नांव घेणारे पहिले पोप निवडले गेले. ते २०२५ मध्यें निवर्तले. आजही ४ ऑक्टोबरला इटलींतील फ्रान्चेस्को आपला नामदिन पाळतात. नवजात मुलग्यांच्या नांवांत तें तेथें कित्येक वर्षें पहिलें होतें. २०१८ मध्यें 'लेओनार्दो' त्याच्यापुढें गेलें.

हें सर्व वाचीत असतां आम्हांस आमचे वडील आठवले. त्यांचें किराण्याचें लहानसें दुकान होतें. तें सोडून आम्हीं शिक्षकाचा पेशा धरिला, तेव्हां त्यांनीं आमच्याशीं बोलणें सोडिलें. आम्हीही मानी, पत्र टाकिलें नाहीं. ते गेल्यावर दुकान आवरतांना त्यांची खतावणी हातीं आली. तींत एका पानावर मथळ्यास आमचें पूर्ण नांव होतें, मध्यें त्यांचें स्वतःचें. आमच्या शिक्षणाचा एवढा खर्च. पण पानावर नांवें टाकिलेली एक पैही नव्हती. सारें पान कोरें. ती वही मिटून आम्ही बराच वेळ तेथेंच बसून राहिलों. रुसव्याच्या त्या सर्व वर्षांत आम्ही सही करीत होतों, तींत त्यांच्या नांवाचें अक्षर होतेंच. पण तें आपण कोणाचें लिहितों, याचा विचार कधीं केला नव्हता.

तर बाळ, तुझ्या नांवाचा अर्थ 'फ्रेंच' इतकाच आहे. पण तें आधीं एका पित्यानें आपल्या मुलास दिलें, आणि त्या मुलानें सर्व कांहीं टाकिलें तरी तें जपलें. त्या दिवशीं तुला दरडावलें, याची आम्हांस खंत वाटते. विद्यार्थी मित्रहो, आज घरीं गेल्यावर आपलें नांव कोणी ठेविलें आणि कां, हें अवश्य विचारा. सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच विचारा.