चिमूटभर तांदूळ

रात्रीचे अकरा वाजून गेले की इंडोनेशियाच्या मध्य जावातल्या गावांत पाच-सहा पुरुषांची टोळी गल्लीगल्लीतून फिरायला निघते. कमरेला सारोंग, हातात बॅटरी, एखाद्याच्या ओठांत लवंगेच्या वासाची क्रेतेक सिगारेट. घराघराच्या दाराशी खिळ्याला एक डबडं टांगलेलं असतं. कुठे कापलेली पाण्याची बाटली, कुठे दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, तर कुठे बांबूचं एक पेर. घरच्या बाईने संध्याकाळी त्यात चिमूटभर तांदूळ टाकून ठेवलेले असतात. टोळी ते पिशवीत ओतते आणि पुढच्या दाराशी जाते. या चिमटीचं नाव जिंपितान. डबडं दोन-तीन रात्री रिकामं राहिलं, तर त्या घरात काहीतरी बिनसलं आहे हे न विचारता समजतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचं नाणं पडतं. जमलेल्या पैशातून गल्लीतला दिवा लागतो, आजाऱ्याची विचारपूस होते, मयताचा खर्च निघतो.

पहाऱ्याच्या चौकीत पोखरलेल्या लाकडाचा केंतोंगान टांगलेला असतो. चोरी, आग आणि मृत्यू यांचे ठोके वेगवेगळे, आणि ते गावातल्या पोरासोरांनाही ओळखता येतात. हा पहारा चालवतो तो काही घरांचा शेजारगट, ‘एर-ते’. त्याची आजची घडण १९४२ ते १९४५ या काळात जपानी लष्कराने जावावर लादलेल्या शेजारगटांतून आली. लष्कर गेलं, गट राहिले. बऱ्याच गटांची बैठक दर पस्तीस दिवसांनी भरते. जावात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर लेगी, पाहिंग, पोन, वागे आणि क्लिवोन असा पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो. या दोन्हींची गाठ पस्तिसाव्या दिवशी पुन्हा पडते, आणि सगळ्यांना वार लक्षात राहतो.

ही गावं क्लातेन जिल्ह्यातली. योग्यकर्ता आणि सुराकर्ता या दोन जुन्या राजधान्यांच्या मध्ये पसरलेला हा सपाट, पाणथळ पट्टा. वायव्येला मेरापी ज्वालामुखी, जवळपास २,९०० मीटर उंच, बऱ्याचदा माथ्यावर धुराची शेंडी घेऊन उभा. त्याची राख शतकानुशतकं या मातीत मिसळत आली आहे आणि त्याच्या पोटातलं पाणी खाली जागोजागी झऱ्यांच्या रूपाने वर येतं. पाट बारमाही वाहतात, म्हणून भात वर्षाला दोनदा, पुष्कळ जागी तीनदा होतो. माणसांची दाटीही तशीच. दर चौरस किलोमीटरला दीड हजारांहून जास्त लोक, आणि तरीही हा मुलूख शहर म्हणवून घेत नाही. घरं नारळ, केळी आणि फणसाच्या आड दडलेली, आणि दोन गावांच्या मध्ये जे उरतं ते सगळं भातखाचर.

बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताच्या खाचरात चिखलणी चालू असते, समोर पोपटी रोपं वाऱ्यावर हलत असतात, उजवीकडे लोंब्या पिवळ्या पडून वाकलेल्या असतात. भातपिकाचे सगळे महिने एकाच नजरेत. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं! पण हेच दृश्य पाहून कृषी खात्याच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. सगळ्या वयाचं भात बाराही महिने उभं असलं की तपकिरी तुडतुड्यालाही बारा महिने खाणं मिळतं. या किड्याला तिथे वेरेंग म्हणतात. क्लातेनच्या गेल्या पन्नास वर्षांत त्याने अनेकदा हात धुऊन घेतले आहेत.

एवढ्याशा जमिनीवर एवढी माणसं जगली कशी, याचं उत्तर जुन्या कापणीत सापडतं. आनी-आनी नावाचं एक हत्यार असतं. तळहातात मावेल एवढी लाकडी पट्टी, तिच्या कडेला बसवलेलं पातं आणि आडवी बांबूची काडी. बाई ते बोटांत लपवून धरते आणि एकेक लोंबी देठासकट खुडते. भात म्हणजे देवी श्री, गावच्या तोंडी म्बोक श्री. पातं दिसलं तर ती घाबरेल, म्हणून ते झाकलेलं असावं, असं म्हातारी माणसं सांगतात. कापणीआधी खाचराच्या कोपऱ्यात विवितान होतं. केळीच्या पानावर भात, उकडलेलं अंडं, भाज्या आणि अख्खी शिजवलेली कोंबडी ठेवतात, गावचे धार्मिक विधी पाहणारा मोदिन अरबीतून प्रार्थना म्हणतो, देवी श्रीला पहिल्या लोंब्या मिळतात, आणि जमलेले सगळे तिथेच बांधावर बसून जेवतात. गाव मुसलमान आहे, पण भात कुणाचा हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

आनी-आनीने काम हळू होतं, आणि तेच कापणाऱ्या बायकांच्या पथ्यावर पडलं. शेत कापायला खूप हात लागायचे आणि येईल त्याला येऊ द्यायचा रिवाज होता. शेजारची, पलीकडच्या वाडीची, ओळख ना पाळख अशीही बाई यायची. एकेका शेतात कापणाऱ्यांची झुंबड उडायची. प्रत्येकीने खुडलेल्या पेंढ्या मालकाच्या अंगणात जायच्या आणि तिथे तिचा वाटा मोजून मिळायचा. हा वाटा म्हणजे बावोन. कधी आठवा हिस्सा, कधी दहावा, आणि नात्यातल्या बाईला थोडा वाढवून. ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती त्यांच्या चुलीवरचा भात यातून यायचा. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झने १९६३च्या आपल्या पुस्तकात जावाच्या या रीतीला वाटून घेतलेली गरिबी म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याला हटकलं, कारण वाटे सारखे कधीच नव्हते. गावच्या सरपंचाला पगाराऐवजी जमीन मिळायची, आपल्याकडच्या पाटलाच्या वतनासारखी, आणि ती गावातली चांगली जमीन असायची. बाकीचे तीच जमीन अर्धेलीने कसायचे.

त्याआधी डचांनी आपला वाटा उचलला होता. १८३०पासून थेट डच अमलाखालच्या जावात गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा युरोपात विकायच्या पिकांना द्यायचा हुकूम होता. प्रत्यक्षात तो हिस्सा पुष्कळदा वाढायचा. क्लातेन सुराकर्ताच्या राजाच्या मुलखात होतं, तिथे तो हुकूम नव्हता, पण तिथलं पाणी आणि माती उसालाही मानवली आणि युरोपीय मळेवाल्यांनी जमिनी भाड्याने घेतल्या. भाताच्या पाळीनंतर त्याच खाचरात उसाची पाळी यायची आणि गावकरी दोन्ही ठिकाणी राबायचे. त्या काळचे कारखाने पुढेही कित्येक वर्षं धूर ओकत राहिले.

स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या वाटपाचा प्रश्न कायद्याने सोडवायचं ठरलं. १९६०च्या कायद्यांनी दाट वस्तीच्या भागात बागायतीला पाच हेक्टरची कमाल मर्यादा घातली आणि अर्धेलीचे नियम ठरवले. अंमलबजावणी रेंगाळली. १९६४मध्ये कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने क्लातेनमध्ये जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि तिथून ते लोण पसरलं. मग १९६५चा ऑक्टोबर आला. पुढच्या काही महिन्यांत देशभरात कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि मध्य जावा हा त्या कत्तलीचा एक मोठा प्रदेश होता. पुढची तीन दशकं राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या राजवटीत गावात पक्षांना निवडणुकीपलीकडे पाय ठेवायची मुभा नव्हती. जमिनीच्या वाटपाबद्दल बोलणं म्हणजे जीवावर उदार होणं. लोक गप्प झाले आणि पहाऱ्याच्या, पूजेच्या, मयताच्या कामांत मात्र एकमेकांना धरून राहिले.

त्या शांततेत हरितक्रांती आली. बुटकं, जाड देठाचं, चार महिन्यांच्या आत पिकणारं बियाणं फिलिपाइन्सहून आलं, सोबत सरकारी खत, सरकारी कर्ज आणि सरकारी फवारा. क्लातेनमधल्या देलांगूचा रोजोलेले तांदूळ, उंच वाढणारा, सुवासिक, पाच महिने घेणारा, मागे पडला. नव्या जातीच्या लोंब्या खुडायला आनी-आनी अडचणीची, म्हणून विळा आला. विळ्याला माणसं कमी लागतात. मग तेबासान वाढलं, म्हणजे उभं पीकच दलालाला विकून टाकायचं. शेतमालकाला शेजारणीला नाही म्हणायची लाज वाटायची. दलाल बाहेरचा, त्याला ती लाज नव्हती. तो आपली टोळी घेऊन यायचा आणि काही तासांत शेत मोकळं करायचा. त्याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, गावोगाव भात सडायच्या गिरण्या बसल्या आणि बायकांचं कांडण गेलं. लांबट लाकडी उखळीत चार-पाच जणी आळीपाळीने मुसळं टाकायच्या, त्याला एक ताल होता. ती उखळ, लेसुंग, आता सणासमारंभात वाजवायला बाहेर काढतात.

१९८४मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि पुढच्या वर्षी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या व्यासपीठावर सुहार्तोचा गौरव झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी क्लातेनच्या खाचरांत वेरेंग उतरला. हिरवं शेत आठवड्याभरात करपल्यासारखं तपकिरी पडायचं. जितकी फवारणी जास्त तितका किडा जास्त, कारण औषधाने आधी मरायचे ते कोळी आणि ढेकूण, जे वेरेंगला खाऊन टाकायचे. नोव्हेंबर १९८६मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांवर भातापुरती बंदी आली, आणि १९८९पासून शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. ही शाळा वाखाणण्यासारखी होती. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस शेतकरी सकाळी चिखलात उतरायचे, रोपाच्या बुडाशी वाकून कोळी किती, तुडतुडे किती ते मोजायचे, मग सावलीत बसून मोठ्या कागदावर रंगीत खडूने ते रोप आणि ते किडे काढायचे. एका बाजूला मित्र, एका बाजूला शत्रू. फवारायचं की नाही ते चित्र पाहून ठरायचं. सहीपुरतं लिहिणारा माणूसही कोळ्याचे आठ पाय बिनचूक काढायचा. पुढे सरकारचा उत्साह ओसरला, औषधांची दुकानं पुन्हा भरली, आणि २०१०-११च्या हंगामात वेरेंग क्लातेनला परत आला.

२७ मे २००६च्या पहाटे इथली जमीन हादरली. योग्यकर्ता आणि क्लातेन मिळून साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली. विटांची घरं पत्त्यांसारखी पडली होती. घरबांधणीचा पैसा सरकारने गावकऱ्यांच्या लहान गटांमार्फत दिला, आणि गटांनी आळीपाळीने एकमेकांची घरं उभी केली. आज याच्या भिंतींना सगळे, परवा त्याच्या छपराला सगळे. याला तिथे गोतोंग रोयोंग म्हणतात. पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोने १ जून १९४५च्या भाषणात नव्या राष्ट्राची सगळी तत्त्वं आवळली तर एवढंच उरतं, असं सांगितलं होतं. पुढे सरकारांनी हा शब्द फुकटात कामं करून घ्यायलाही भरपूर वापरला. भूकंपानंतर मात्र तो गावाने आपल्या मर्जीने वापरला, आणि दोनेक वर्षांत गावं पुन्हा छपराखाली आली.

शेताबाहेरचं वाटप असं टिकलं, पण शेतातलं गेलं. आता पिकल्या खाचरात कापणीयंत्र उतरतं. त्याच्यामागे सरवा वेचणाऱ्या बायका येतात, पण यंत्र फार थोडं मागे ठेवतं. तरणी मुलं सकाळी मोटारसायकलवर कपड्यांच्या कारखान्यात जातात, नाहीतर जकार्ताला, मलेशियाला, तैवानला. दक्षिणेकडच्या बायात तालुक्यातलं न्गेरांगान हे कोरड्या टेकड्यांचं गाव तर पिढ्यान्पिढ्या बाहेर पडूनच जगलं. सुराकर्ता आणि योग्यकर्त्याच्या रस्त्यांवरच्या आंगक्रिंगान गाड्या, तीन किटल्या, आल्याचं गरम पेय आणि मूठभर भाताच्या पुड्या घेऊन रात्रभर उभ्या असणाऱ्या, त्या धंद्याचं मूळ याच गावात सांगितलं जातं. उत्तरेकडच्या पोंगोकने दुसरी वाट धरली. २००९मध्ये गावाने स्वतःचा उद्योग काढला आणि पुढे झऱ्याच्या कुंडात पाण्याखाली मोटारसायकल आणि दूरदर्शन संच ठेवून पर्यटकांचे फोटो काढायला सुरुवात केली. २०१४च्या ग्राम कायद्याने गावांच्या हाती थेट पैसा आल्यावर पोंगोकचं नाव देशभर गाजलं. पण असा झरा प्रत्येक गावाच्या नशिबी नसतो.

भातखाचरांतून सुराकर्ता-योग्यकर्ता जलदगती मार्ग चालला आहे आणि क्लातेनपर्यंतचा त्याचा टप्पा २०२४मध्ये खुला झाला. भरपाई घसघशीत मिळाली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या अंगणात नव्या गाड्या आल्या. जे ती जमीन अर्धेलीने कसत होते त्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही.

अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन कसणाऱ्याला इंडोनेशियात गुरेम शेतकरी म्हणतात. २०१३च्या कृषिगणनेत अशी कुटुंबं सुमारे १ कोटी ४२ लाख होती, २०२३च्या गणनेत ती १ कोटी ६९ लाखांच्या जवळ गेली. तुकडे पडत गेले.

प्रंबाननची मंदिरं पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तिथून दोनेक किलोमीटरवरच्या प्लाओसानला जरूर जावं. नवव्या शतकातली ही बौद्ध मंदिरं क्लातेनच्या हद्दीत, भातखाचरांच्या मधोमध उभी आहेत. मंदिर पाहून झालं की बांधावर भेटेल त्याला तीन प्रश्न विचारावेत. ही जमीन कुणाची, भात कुणी लावलं, आणि ते कापणार कोण? पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिसऱ्या प्रश्नाला अख्खं गाव हे उत्तर मिळालं असतं. आता तिन्ही प्रश्नांना बहुधा तीन वेगळी नावं ऐकायला मिळतील, आणि त्यातलं एखादं त्या गावात राहतही नसेल.