घर आणि काम : वैरी की सोबती?

बाहेर जाताना माणूस चपला पायांत घालतो आणि परतल्यावर त्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो. कामाचे तसे नाही. दिवसभर अंगावर वागविलेले काम घरी आल्यावरही सहजासहजी उतरत नाही. ही गोष्ट आपणां सर्वांच्याच अनुभवाची आहे. परंतु तिचा शास्त्रशुद्ध विचार करणारे विद्वानही आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझी भाची मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय शिकते. तिच्या अभ्यासाची पाने मी सहज चाळली, आणि मग ती खाली ठेववेनात.

जेफ्री ग्रीनहाउस व निकोलस ब्यूटेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ साली या विषयावर एक लेख लिहिला. काम आणि कुटुंब यांच्यातील ओढाताण तीन प्रकारची असते, असे त्यांनी त्यात मांडले. पहिली वेळेची : जो वेळ कामाने घेतला, तो घराला देता येत नाही. दुसरी ताणाची : माणूस घरी असतो खरा, पण कोणाचे दोन शब्द ऐकून घेण्याइतकेही त्राण त्याच्या ठायी उरलेले नसते. तिसरी वागणुकीची : जी रीत कामावर गुण ठरते, तीच घरात दोष ठरते.

हा तिसरा प्रकार वाचताना माझे वडील डोळ्यांसमोर उभे राहिले. बेळगावातील लोखंडाच्या ओतकामाच्या एका कारखान्यात ते मुकादम होते. वितळलेला रस साच्यात ओतला जात असताना गोड बोलून चालत नाही. गोंगाटाच्या वर चढणारा आवाज आणि दोन शब्दांत हुकूम, हाच तेथला शिरस्ता. क्षणभर चुकले, तर माणूस भाजावयाचा. तोच आवाज घेऊन बाबा घरी येत. ‘पाणी!’ एवढाच शब्द. आई शांतपणे म्हणे, “अहो, हे घर आहे, भट्टी नव्हे.” पण माझा धाकटा भाऊ, बाबा जेवायला बसले की, आपले ताट उचलून ओसरीवर जाऊ लागला. पुढे तर बापलेकांतले बोलणेच थांबले.

अशातच आईला विषमज्वर झाला. कारखान्यात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांच्या कानी ही गोष्ट गेली. त्यांनी महिनाभरासाठी बाबांची रातपाळी बदलून त्यांना दिवसपाळी दिली. संध्याकाळी बाबा घरी असू लागले. चूल कशी पेटवावी हेदेखील त्यांना ठाऊक नव्हते. भाऊ ते सारे आईच्या हाताखाली शिकला होता. तो सांगे आणि बाबा करीत. हुकूम देणारा हुकूम घेऊ लागला! भाकरी करपली की दोघेही हसत. आई अंथरुणावरून ते ऐके आणि तोंडावर पदर घेई.

बाबा पुन्हा रातपाळीवर गेले, ते थोडे निराळे होऊन. नवशिक्या पोरांवर ओरडण्याआधी ते आता एकदा स्वतः करून दाखवीत. पूर्वी त्यांच्या टोळीतून पोरे पळून जात. ती आता टिकू लागली. आणि भाऊ ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसू लागला.

याच ग्रीनहाउस यांनी २००६ साली गॅरी पॉवेल यांच्यासह आणखी एक लेख लिहिला. काम आणि कुटुंब एकमेकांचे सोबतीही होऊ शकतात, एका ठिकाणी मिळालेले कौशल्य, धीर व आनंद दुसऱ्या ठिकाणी कामी येतात, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. आमच्या चुलीपाशी नेमके हेच घडले होते. आणि वरिष्ठांचा आधार नसेल तर माणसावरील ताण वाढतो, हे तर १९८५ च्या लेखातच नमूद आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या हाताखाली चार माणसे असतात. कोणाच्या शेतात, कोणाच्या दुकानात, कोणाच्या कचेरीत. कोणाला कोणत्या वेळी कामावर बोलवावयाचे हे ठरविण्यापूर्वी त्याच्या घरी कोण आजारी आहे, मुले किती लहान आहेत, एवढे विचारून घ्यावे. विचारावयास पैसा लागत नाही. त्या अधिकाऱ्यांनी पाळ्यांच्या तक्त्यावर एक नाव इकडचे तिकडे केले, एवढेच. एका बापाला त्याचा मुलगा त्यामुळे परत मिळाला, हे त्यांना बहुधा कधी कळलेही नसेल.