सासूबाईंची पिशवी

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात दाराआड खुंटीला एक कापडी पिशवी असते. तिला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. लग्न होऊन आले तेव्हा मला हसूच यायचं. नदी एवढी लांब, इथे कसला आलाय पूर!

"१२ जुलै १९६१ला सकाळी आम्हीही असंच म्हणत होतो," सासूबाई म्हणायच्या. तेव्हा त्या दहा वर्षांच्या, नारायण पेठेत राहायच्या. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावं लागलं. शहरभर पाणी येऊन गेलं, आणि नंतर कित्येक दिवस नळाला थेंब नाही!

२५ जुलै २०२४ला पहाटे सिंहगड रस्त्यावर माझ्या ताईच्या घरात मुठेचं पाणी शिरलं. भावजींचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं, भाचीची प्रमाणपत्रं भिजली. माझं हसणं त्या दिवशी संपलं.

आता पिशवी मी भरते. टॉर्च, काडेपेटी, आठवड्याची औषधं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदांच्या प्रती, थोडे सुटे पैसे, फोन नंबरांची चिठ्ठी. दर वटपौर्णिमेला औषधांच्या तारखा बघते. पाणी शिरायच्या आत मेन स्विच बंद करायचा, हे मुलांनाही शिकवलंय.

परवा सासूबाईंनी हळूच विचारलं, "माझा जुना चष्मा ठेवलास का गं?"

ठेवला होता.