अकरा डॉलर

पिंटो म्हटले की आपल्याला गोव्याचा नाही तर वसईचा एखादा पिंटो आठवायचा. अमेरिकेत मात्र पिंटो म्हणजे अबलख घोडा. आणि त्या घोड्याचे नाव फोर्ड कंपनीने आपल्या एका छोटेखानी मोटारीला दिले होते. जपानी आणि जर्मन गाड्या भराभर खपू लागल्या, तेव्हा कंपनीचे ली आयकोका यांनी दंडक घातला, की वजन दोन हजार पौंडांच्या आत हवे आणि किंमत दोन हजार डॉलरांच्या आत. १९७० च्या सप्टेंबरात गाडी आली. दहा वर्षांत तीस लाखांवर खपली.

या घोड्याची नि माझी गाठ पडली ती अर्थशास्त्राच्या तासाला. सर लाभ-व्यय विश्लेषण शिकवत होते. त्यांनी काही न बोलता फळ्यावर आकडे मांडले. मृत्यू १८०, प्रत्येकी दोन लाख डॉलर. भाजून जखमी १८०, प्रत्येकी सदुसष्ट हजार. जळालेल्या गाड्या २१००, प्रत्येकी सातशे. एकूण सुमारे चार कोटी पंचाण्णव लाख. ही झाली लाभाची बाजू. खर्चाची बाजू म्हणजे सव्वा कोटी गाड्या, प्रत्येकी अकरा डॉलर. तेरा कोटी पंचाहत्तर लाख. मग सरांनी विचारले, "सांगा, सुधारणा करावी का?" वर्गात दोघा-तिघांनी पटकन 'नाही' म्हटले. गणित बरोबरच होते! नंतर सरांनी कशाचे गणित ते सांगितले आणि वर्ग गप्प झाला.

पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या पाठीमागे, बंपरला लागूनच होती. मागून दुसरी गाडी जोरात आदळली, की टाकी पुढे रेटली जाई, आसावरच्या डिफरन्शियलचे बोल्ट तिच्यात घुसत आणि पेट्रोल भरायची नळी उपसून निघे. मग एक ठिणगी पुरे.

तो आकड्यांचा तक्ता माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयात बसून त्याचा माग काढला, तेव्हा कळले की गोष्ट जशी सांगतात तशी ती नाही. १९७३ सालचा तो कागद एकट्या पिंटोविषयी नव्हता, मागून बसणाऱ्या धडकेविषयीही नव्हता. गाडी उलटल्यावर पेट्रोल सांडू नये असा नियम सरकार करू पाहत होते आणि देशातल्या एकूण गाड्यांचा हिशेब मांडून कंपनीने तो सरकारलाच धाडला होता. दोन लाखांचा आकडाही सरकारी रस्तासुरक्षा खात्याचाच. त्या खात्याने माणसाच्या मरणाची फोड करून ठेवली होती. तीत वेदनांचे दहा हजार डॉलर आणि अंत्यविधीचे नऊशे! गॅरी श्वार्ट्झ या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९१ मध्ये हे सारे उलगडून दाखवले. आता यावरून कुणी म्हणेल, चला, कंपनी सुटली. मला तसे वाटत नाही. एखाद्या राक्षसाने चोरून केलेला हिशेब असता तर मला झोप लागली असती. हा उघड, नेमून दिलेल्या रीतीने, टाय लावलेल्या माणसांनी केलेला हिशेब होता.

त्यांतल्याच एकाने पुढे लिहून ठेवले आहे. डेनिस जिओया हे १९७० नंतरच्या त्या वर्षांत फोर्डमध्ये 'रिकॉल'चे, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याचे काम पाहत. पिंटोला आग लागल्याचे अहवाल त्यांच्या टेबलावर आले होते. जळालेली एक पिंटो त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही बैठकीत गाडी परत बोलावू नये असेच मत त्यांनी इतरांबरोबर दिले. का? तर आलेले अहवाल थोडे होते आणि नेहमीच्या चाकोरीत तो दोष 'मोठा' ठरत नव्हता. ते स्वतः पिंटोच चालवत होते! पुढे प्राध्यापक झाल्यावर, १९९२ मध्ये, त्यांनी लिहिले की त्या वेळी यात काही नैतिक प्रश्न आहे हे जाणवलेच नव्हते.

हे मी दादाला वाचून दाखवले. दादा चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांना लागणाऱ्या रबरी नळ्या तपासतो. मला वाटले, तो चिडेल, निदान हळहळेल. तो जेवता जेवता म्हणाला, "अगं, प्रत्येक लॉटमध्ये काहीतरी असतंच. रोज ओरडणाऱ्याला दुसऱ्या महिन्यात घरी बसवतात. कुठल्या दिवशी ओरडायचं, एवढंच कळायला हवं." आणि थोड्या वेळाने, "ते कळायला मला तर कुणी शिकवलं नाही." आईने त्याला आणखी भात वाढला. दादाच्या पगारावर माझी फी भरली जाते. त्यामुळे जिओयांना दोष देताना माझी जीभ थोडी अडखळते हे खरे.

शेवटी पिंटो परत बोलावली गेली, पण कुणाला आपणहून सुचले म्हणून नव्हे. १९७७ मध्ये मार्क डाउई यांचा 'मदर जोन्स' मासिकातला लेख गाजला. १९७८ च्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने भाजलेल्या एका मुलाच्या खटल्यात कंपनीला साडेबारा कोटी डॉलरांचा दंड सुनावला (न्यायाधीशांनी तो पस्तीस लाखांवर आणला). सरकारी खात्याने मागून लागलेल्या आगीत २७ मृत्यू मोजले. मग त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय काय, तर टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लास्टिकची एक ढाल आणि पेट्रोलची नळी जरा लांब. बस्स!

आपल्याकडे सरकारला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देता येईल अशी तरतूद झाली ती २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने. त्याआधी, २०१२ पासून, कंपन्या आपखुशीने बोलावत.

पण परत बोलावणे म्हणजे पत्र धाडणे, आणि पत्राला वेळ लागतो. १० ऑगस्ट १९७८ रोजी, म्हणजे घोषणेनंतर दोन महिन्यांनी, इंडियाना राज्यात एका पिंटोवर मागून व्हॅन आदळली आणि तीन तरुण मुली जळून गेल्या. तिथल्या सरकारी वकिलाने थेट कंपनीवरच मनुष्यवधाचा खटला भरला. अमेरिकेत सदोष मालासाठी असे प्रथमच घडत होते. मार्च १९८० मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरवले. गाडी दुरुस्तीला आणावी असे कळवणारे पत्र त्या मुलींच्या घरी आले ते अपघातानंतर काही महिन्यांनी.