पंचवीस आणि वीस-पाच

कॉम्प्युटर कधी चुकत नाही म्हणतात. खरं आहे. आमच्या घरी त्या कामाला मी आहे.

झालं असं, की ब्रह्मपुरीकडच्या मेहुण्याच्या शेतातली बोडी तीन वर्षं भरेना. बोडी नाही तर धानही नाही. पाणी कुठून येतं ते नकाशावरून काढून द्यायचं मी भर पंगतीत कबूल करून बसलो. पोटात पुरणपोळी असली की माणूस काहीही कबूल करतो.

फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' यानातल्या रडारनं मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या फायली फुकट मिळतात. 1201 ओळी, ओळीत 1201 आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटांचा. त्या वाचणारा माझा जुना प्रोग्रॅम फोरट्रानमधला. तो पायथनमध्ये उतरवायला बसलो.

पहिल्यांदा नुसता कचरा निघाला. फाइल तेंदूपत्त्याच्या गोणीसारखी दाबून बांधलेली, आणि मी गोणी न सोडताच पानं मोजत होतो! सोडल्यावर बरोबर 28,84,802 बाइटं निघाली. मी मिशीवरून हात फिरवला.

मग नकाशा पाहिला. 200 मीटर उंचीचं शेत समुद्राखाली 14,336 मीटर! चंद्रपूरच्या कोळसा खाणी खोल असतात, पण इतक्या? 255 मीटरची जागा उणे 256 वर, तर शेजारची 256 ची चक्क 1 मीटरवर. तसाच पाठवला. लगेच फोन.

"भाऊजी, तुमच्या नकाशात पानी चढावर चढते जी!"

मागे त्याची लेक पाटीवर आकडे लिहीत होती. "पंचवीस" ऐकून तिनं आधी पाच लिहिले, मग दोन. झाले बावन्न! आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण मराठी माणसं लिहिताना वीस आधी लिहितो, बोलताना पाच आधी म्हणतो. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या फायलीत मोठी बाइट आधी असते. माझं यंत्र धाकटीला आधी मानतं. फोरट्रानमध्ये फाइल उघडतानाच तसं बजावणारे दोन शब्द होते. ते मी शोभेचे समजून गाळले होते.

पायथनमध्ये एक वाकडी खूण घातली, आणि नाला मुकाट्यानं उताराला लागला. पाणी पूर्वेच्या टेकडीकडून येत होतं.

"हे तर आमची आजी सांगतच होती," मेहुणा म्हणाला.

"मग मला कशाला राबवलंस?"

"आजीच्या तोंडावर पाटाची मंजुरी भेटत नाही, भाऊजी. कागद लागते."